फळीवरची टकटक

३ ऑगस्ट

ताई,

वर 'तीर्थरूप' लिहिलेलं नाही ते विसरले म्हणून नाही. खाली 'तुझी लाडकी' वगैरेही काही येणार नाही, तेव्हा शेवटचं पान आधी उलटून बघू नकोस. नऊ वर्षांनी पत्र आलं म्हणून हुरळूनही जाऊ नकोस. फोन करत नाही, कारण फोनवर तू मध्ये बोलतेस. कागदावर मध्ये बोलता येत नाही.

काल रविवार, म्हणजे तुझ्या शिबिरातल्या पोरींना घरी फोन करू देतात तो दिवस. भिंगरीचा फोन आला. माझी लेक तुझ्या हाताखाली राहते हे मी गिळलंय, कारण ज्युनिअर हॉकी संघ तुझ्या ताब्यात दिलाय आणि दुसरं शिबिर कुठे नाही. जाताना मी तिला एवढंच म्हटलं होतं, मावशीशी कामापुरतं बोलायचं. "हो गं आई, हो," म्हणाली होती. आणि काल फोनवर नुसती किंचाळतेय, "आई, मावशीने मला फर्स्ट रशर केलंय!"

माझ्या हातातला चहा मांडीवर सांडला. आमचे डॉक्टर धावत आले, त्यांना वाटलं कोणी गेलं की काय.

अगं, मैदानावर अकरा जागा असतात. तिला मधल्या फळीत घालायचं होतंस, कडेला पळवायचं होतंस, नाहीतर बाकावर बसवून पाण्याच्या बाटल्या वाटायला लावायच्या होत्यास. माझी तक्रार नव्हती. पण नाही. तिला गोलच्या रेषेवर कीपरच्या शेजारी उभी करायची, आणि पेनल्टी कॉर्नर सुटला की समोरच्या संघाच्या चेंडू भिरकावणारीच्या थेट अंगावर सोडायची. ते काम काय असतं ते तुला नुसतं बघून माहीत आहे. मी ते केलंय. माझ्या हनुवटीवर टाके आहेत, डाव्या हाताचं मधलं बोट अजून वाकडं आहे, आणि समोरचे दोन दात माझे नाहीत. त्या दातांपायी नवरा मिळाला हे खरं. पण प्रत्येकीच्याच नशिबी दातांचा डॉक्टर नसतो.

चेंडूचं एक वेळ सोड. चेंडू समोरून येतो, डोळ्यांना दिसतो, लागला तर लागला. मला धास्ती पाठीमागची आहे. रशरची पाठ कीपरकडे असते. मागे कोण काय करतंय ते तिला कधीच दिसत नाही, आणि नंतर जो समोरून बघत असतो त्याचंच लोक खरं मानतात. हे मी तुला का सांगतेय ते तुला चांगलं कळतंय.

तेव्हा मुद्द्याचं. बाहेरच्या दौऱ्याला अठराच्या आतल्या मुलींना पालकांची सही लागते. आमच्या घरात ती मी करते. भिंगरीला त्या कामावरून काढ, सही मिळेल. नाही काढलंस तर मिळणार नाही, आणि एकवीस सप्टेंबरच्या निवड सामन्यानंतर ती सरळ घरी येईल. मी हे रागाने लिहीत नाही. रागाने लिहिलं असतं तर वेगळं लिहिलं असतं.

— धाकटी


१४ ऑगस्ट

ताई,

तुझं कार्ड पोचलं. एवढा मोठा मजकूर लिहायला बराच त्रास झाला असेल. "शेपूट, पोरीने स्वतः मागितलंय. पाय चांगले आहेत तिचे. तब्येत सांभाळ." संपलं. पोस्टाच्या शिक्क्यावर याहून जास्त अक्षरं होती.

आधी ते 'शेपूट' काढून टाक. मी बेचाळीस वर्षांची बाई आहे. विमा कंपनीत दावे तपासते. दिवसभर लोकांना 'खेदपूर्वक कळवण्यात येते' अशी पत्रं लिहिते आणि खाली माझा हुद्दा असतो. हाताखालची माणसं मला बघून चहाचे कप लपवतात. मला शेपूट म्हणायचा हक्क तुला होता तेव्हा होता.

आणि शेपूट मी आपण होऊन झाले नव्हते. आठवतं? मी पुढे खेळायचे. मला गोल करायला आवडायचं. आपल्या खोलीच्या दारात तू उभी राहायचीस, दोन्ही हातांत उशा बांधून, आणि मी मोज्यांचा चेंडू करून तुला चुकवायचे. दहातले सहा तरी आत जायचे. घरात खेळायची बंदी होती म्हणून तू दारावर टकटक करायचीस. एक टकटक म्हणजे आई स्वयंपाकघरातून निघाली, दोन म्हणजे परत गेली. मला कधी ओरडा बसला नाही. तुझ्या टकटकीवर डोळे झाकून विश्वास ठेवायची सवय मला तिथे लागली, आणि ती सवय मला किती महागात पडली ते पुढे लिहिणारच आहे.

मग मोठ्या संघाच्या चाचणीत तू मास्तरांना जाऊन सांगितलंस, "हिला मागे घ्या, माझ्यापुढे. हिला माझं कळतं." मास्तरांना काय, तू तेव्हाच त्यांची लाडकी. झालं. माझा गोल करायचा धंदा बंद. तेव्हापासून मी बचावात. कोणी विचारलं, तुझी इच्छा काय? मी पण वेडी, मला वाटलं ताईने मागितलं म्हणजे मान आहे. मोठेपणा तुझा, हाडं माझी.

बचाव करणाऱ्याचं नाव पेपरात दोनदा येतं, निवड झाली की आणि चूक झाली की. मधली सगळी वर्षं कुठे जातात कोण जाणे. चेंडू अडला की फोटो कीपरचा. तुझे ते आडवे झेपावलेले फोटो आईने भिंतीवर लावलेत. त्यातल्या निम्म्या फोटोंत कडेला एक पाठ दिसते. ती माझी. पाहुणे विचारतात ही कोण, तर आई म्हणते, "ही धाकटी. तोंड पलीकडे आहे, पण गुणी आहे."

भिंगरी पोटात राहिली तेव्हाही सगळे म्हणाले, आता संपलं हिचं. सात महिन्यांच्या पोरीला आईच्या मांडीवर ठेवून मी परत टर्फवर आले. डोळ्यांसमोर अंधारी यायची, तरी पळायचे. कोणासाठी? रेषेवर तुझ्या शेजारी दुसरी कोणी उभी राहिली तर तुझी टकटक तिला कळणार नाही म्हणून. हे तुला तेव्हा सांगितलं नव्हतं, आता सांगतेय, आणि आता सांगून उपयोग नाही.

पोरीने स्वतः मागितलंय म्हणे. सतरा वर्षांच्या पोरीने विहीर मागितली तर विहिरीत ढकलशील?

सही होणार नाही.

— धाकटी


२९ ऑगस्ट

ताई,

या वेळी दोन शब्द जास्त! प्रगती आहे. "जुनं उगाळून काय मिळणार? पोरीचं नुकसान करू नकोस. आईला पण त्रास होतो."

आईला मध्ये आणू नकोस. आई तुझ्याकडे जाते तेव्हा तुझी आणि माझ्याकडे येते तेव्हा माझी. परवा फोनवर मला म्हणते, "एका खोलीत वाढलात, एका ताटात जेवलात, आता एका गावात उतरायला का लाजता?" मी म्हटलं, "आई, एका ताटात जेवलो, पण मोठीने माझ्या वाट्याचं खाल्लं." तर म्हणते, "मग तेव्हाच ओरडायचं होतंस." घ्या. आईचा न्याय असा आहे.

आमच्या डॉक्टरांचंही तेच. म्हणे किडका दात काढून टाकावा, जिभेने चाचपत बसू नये. मी म्हटलं, अहो, दात माझा असता तर काढला असता. हा दात माझ्या बहिणीचा आहे आणि चावतोय मला.

जुनं उगाळते, ऐक. तू नऊ वर्षांत हे एकदाही माझ्या तोंडून ऐकलेलं नाहीस, कारण तू समोर आलीच नाहीस.

उपांत्य सामना. एक-एक बरोबरी. शेवटचं मिनिट, आणि कॉर्नर त्यांना. आपण पाचजणी रेषेमागे. मी मास्क चढवला. स्टेडियममध्ये इतका गोंगाट की पलीकडच्या खांबाशी उभ्या असलेलीला काही ऐकू येत नव्हतं, पण मी तुझ्या शेजारी होते. तू काठीने गोलच्या आतल्या मागच्या फळीवर टकटक केलीस. एक. एक म्हणजे डावी बाजू माझी, उजवी तुझी. दोन म्हणजे उलट. इतकी वर्षं हेच चाललं होतं आणि कुठल्याही संघाला त्याचा पत्ता लागला नव्हता. तू एक वाजवलीस. दोन नाही. मरेपर्यंत सांगेन, एक.

चेंडू आत आला आणि मी सुटले. डावीकडचा रस्ता धरला, अंग तिकडे टाकलं. माझे डोळे त्या भिरकावणारीच्या मनगटावर होते. चेंडू माझ्या उजव्या कानाजवळून गेला. आणि ताई, मला आनंद झाला. खरंच झाला. उजवीकडे गेला म्हणजे तुझ्याकडे गेला, म्हणजे वाचला. एवढा विचार करायला मला वेळ मिळाला. मग फळीवर चेंडू आदळल्याचा आवाज आला.

वळून बघते तर तू डावीकडे आडवी पडलेली. माझ्या बाजूला. उजवीकडे एवढं मोठं गोलचं तोंड उघडं.

समोरच्या पोरी चेंडू सुटायच्या आधी जागा बदलत होत्या, हे मलाही नंतर चित्रफितीत दिसलं. तू ते बघितलंस आणि तुला वाटलं चेंडू डावीकडे येणार, म्हणून तू सरकलीस. ठीक आहे. कीपरचे अंदाज चुकतात, देवाचेही चुकतात. मी त्यासाठी तुझ्याशी एक दिवसही अबोला धरला नसता. रडलो असतो दोघी, आईने ओरडून जेवायला घातलं असतं, मिटलं असतं.

पण तू माईकसमोर उभी राहिलीस. केस ओले, चेहरा शांत. आणि म्हणालीस, "रशरने ऐन वेळी बाजू बदलली." सहा शब्द पण नाहीत. चित्रात दोघी डावीकडे दिसत होत्या, एक चुकलेली असणारच, आणि कप्तान सांगतेय कोण ते. टकटक कोणत्याही कॅमेऱ्याला ऐकू आलेली नव्हती. ती दोघींनाच माहीत. एक बोलली, दुसरीची पाठ होती.

पुढच्या यादीत माझं नाव नव्हतं. त्याच्या पुढच्या नव्हतं. 'दडपणाखाली विश्वासार्ह नाही' असा शेरा माझ्या नावापुढे बसला. मी! जिने तुझ्या एका टकटकीवर अख्खं अंग टाकलं ती विश्वासार्ह नाही. आई त्या आठवड्यात तुला म्हणाली, "माझ्यासमोर सांग काय झालं ते." तू म्हणालीस, "अंघोळ करून येते," आणि मागच्या दाराने सरावाला निघून गेलीस. चोर तो चोर, वर शिरजोर. पुढे दोन वर्षं कप्तान राहिलीस, निरोपाच्या सामन्यात फुलं घेतलीस. मी टीव्ही बंद केला नाही. सगळा बघितला.

आता सांग, माझी पोर कोणाच्या टकटकीवर पळणार? तू शिकवलेल्या कीपरच्या. कीपर तुझ्यासारखी निघाली तर? पोरीचं नाव लागलं तर माईकसमोर कोण जाणार, तू?

— धाकटी


१० सप्टेंबर

ताई,

हे पत्र ऑफिसातून लिहितेय. समोर एकाचा दावा पडलाय, त्याची गाडी म्हणे उभ्या जागी चिरडली गेली. मला त्याचं सगळं खरं वाटतंय आणि तरी मी नाकारणार आहे, इतकी माझी आज तब्येत ठीक आहे.

भिंगरी माझ्याशी भांडली. रविवारच्या फोनची तिची सगळी वेळ भांडणात गेली. मी सांगितलं, एक तर ते काम सोड, नाहीतर घरी ये. तर म्हणे, "आई, तुला काय माहीत मी कशी पळते?" मला काय माहीत! मग म्हणे, "तू कधी दाखवलंस का मला तू कशी पळायचीस? घरात तुझा एक फोटो नाही. मावशी आम्हाला तुझ्या फिती लावून दाखवते. म्हणते, पहिली तीन पावलं बघा हिची, अशी तीन पावलं मी पुन्हा बघितली नाहीत."

तू माझ्या फिती लावतेस? कोणाला विचारून? कुठल्या कुठल्या लावतेस? ती पण लावतेस का, उपांत्य सामन्याची? आणि त्यावर काय भाष्य करतेस, "बघा मुलींनो, असं करायचं नाही"?

तीन पावलं म्हणे. मला गोडबोल्या माणसांची चीड आहे आणि तू तर गोडही बोलत नाहीस, तू दुसऱ्यांदेखत बोलतेस. माझ्या पोरीला माझ्याविरुद्ध माझंच कौतुक करून फितवतेस. ही कला तुझी. मान्य.

तिने शेवटी फोन ठेवताना काय म्हटलं ते तुला सांगायचं नव्हतं, पण लिहिते. म्हणाली, "तू मावशीवर सूड घेतेस आणि पाय माझे बांधतेस." आणि ठेवला. मी संध्याकाळपर्यंत तसाच फोन हातात धरून बसले होते. आमच्या डॉक्टरांनी जेवायला वाढून घेतलं.

तू तिला हे शिकवलंस का? नसेल शिकवलंस. हे बोलणं आपल्या आईचं आहे.

तरी सही होणार नाही.

— धाकटी


१८ सप्टेंबर

ताई,

कळवण्यात येते की मी एकवीस तारखेला निवड सामन्याला येत आहे. सोबत रिकामी बॅग आणीन. सामना संपल्यावर भिंगरीचं सामान भरून तिला घेऊन जाईन. संघ जाहीर करताना तिचं नाव घेऊन स्वतःची पंचाईत करून घेऊ नकोस.

तुझ्याशी बोलण्याचा प्रश्न येत नाही. समोर आलीस तर मी दुसरीकडे बघेन. तूही तसंच कर, तुला सवय आहे.

— पालक


२३ सप्टेंबर

ताई,

परवा आल्यापासून तीनदा लिहायला बसले आणि फाडलं. आता फाडणार नाही. शाई डागाळेल तशी डागाळो.

मी गोलच्या मागे बसले होते, तारेच्या कुंपणाला लागून. तुला दिसले असेनच. तिथली लाकडी बाकं अजून तीच आहेत, एकाचा पाय हलतो. शेजारी रिकामी बॅग. पलीकडच्या एका बाईंनी विचारलं, "कुठे प्रवासाला का?" मी म्हटलं, "हो, परत." पुढे काही विचारायची त्यांची छाती झाली नाही.

पोर बरी खेळते. डावीकडे वळताना खांदा टाकते, ते मोडायला हवं. हे मी तुला नाही, उगाच लिहितेय.

शेवटच्या भागात कॉर्नर मिळाला, भिंगरीच्या संघावर. बरोबरी चालली होती. पोरी आल्या रेषेमागे. भिंगरीने मास्क चढवला. माझ्यापासून दहा हातांवर तिची पाठ. त्या पाठीकडे बघताना जी भीती वाटली ती मला मैदानात कधीही वाटली नव्हती. आपल्या आईला हे किती वेळा झालं असेल, आणि ती मांडीवर पोर घेऊन बसायची.

मग ऐकू आली. टक. काठीने, मागच्या फळीवर. एक.

मी बाकावरून अर्धी उठले. माझ्या अंगाला अजून तो आवाज कळतो, ताई. अंग आपोआप डावीकडे झुकलं. मनात म्हटलं, हीच ती. माझीच टकटक उचलून माझ्या पोरीच्या पाठीमागे लावलीय. मी ओरडणार होते. तोंडही उघडलं होतं.

आणि भिंगरीने उत्तर दिलं. तिने हात मागे नेला आणि काठीच्या मुठीने खांबावर मारलं. टक. एक.

असं आपल्यात कधीच नव्हतं. टकटक तू करायचीस, मी ऐकायचे. मी ऐकलंय की नाही हे तुला कधी विचारावं लागलं नाही, आणि मी ऐकल्यावर तू काय करशील हे मला कधी विचारता आलं नाही.

समोरच्या पोरी जागा बदलायला लागल्या. अगदी तशाच. एक आडवी पळाली, एक मागे सरली. तुझी ती उंच कीपर पोरगी, तिचं वजन डाव्या पायावर गेलेलं मी मागून बघितलं. मला वाटलं गेली. आता ही सरकणार. मी कुंपणाची तार अशी धरली की तळहाताला वळ उठलाय, डॉक्टरांनी विचारलं तर सांगितलं बॅगेचा पट्टा. पण ती पोरगी थांबली. वजन परत उजवीकडे आणलं आणि तिथेच उभी राहिली. चेंडू सुटला. भिंगरी तीन पावलांत त्या भिरकावणारीच्या अंगावर होती. चेंडू उजवीकडे आला आणि कीपरच्या पॅडवर आदळून बाहेर गेला.

मी खाली बसले. शेजारच्या बाई म्हणाल्या, "तुमची मुलगी का ती पळणारी?" मी मान हलवली.

सामना संपल्यावर भिंगरी कुंपणाशी आली. घामाने निथळत, तोंड फुगवून. तिला वाटलं मी बॅग पुढे करणार. मी विचारलं, "ते खांबावर मारणं कोणी काढलं?"

"मावशीने. आमचा नियम आहे तो. रशरने उत्तर दिलं की कीपरला बाजू बदलता येत नाही. काही दिसू दे, काही वाटू दे. आणि उत्तर आलं नाही, तर येईपर्यंत कीपरने जागचं हलायचं नाही. हललं की शिबिराबाहेर. दोघी गेल्या तशा."

"का म्हणून हा नियम?"

तर तुझी भाची माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "असं काय करतेस आई? तुला माहीत असेल ना. पहिल्या दिवशी मावशी सगळ्यांना टर्फवर बसवून सांगते. प्रत्येक तुकडीला. एक कीपर होती, तिने एक बाजू सांगितली आणि आयत्या वेळी बदलली. रशरला कळवलं नाही. गोल झाला, तर रशरचं नाव सांगितलं. ती रशर पुन्हा कधी खेळली नाही. मग फीत लावते. मग म्हणते, ती कीपर मी." भिंगरीने नाक पुसलं. "मला वाटलं तुमचं ते केव्हाच बोलून झालंय. तू उगाच ताणून धरलंयस असं वाटायचं मला."

मी तुझ्याकडे बघितलं. तू मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला सरावाचे शंकू गोळा करत होतीस. एकात एक घालत होतीस, परत काढत होतीस, परत घालत होतीस. मुख्य प्रशिक्षक कधीपासून शंकू गोळा करायला लागले?

किती तुकड्या झाल्या असतील तुझ्या आतापर्यंत? किती पोरी? त्या सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या आयांना माहीत असेल. त्या उंच कीपर पोरीला माहीत आहे, पाणी आणून देणाऱ्या बाईंना माहीत असेल. अख्ख्या जगाला सांगितलंस तू, एक मला सोडून. मला कार्डावर लिहितेस, तब्येत सांभाळ. अगं बये, हेच तीन शब्द त्या कार्डावर लिहिले असतेस तर काय तुझे हात झडले असते? 'ती कीपर मी.' मी ते कार्ड उशाखाली घेऊन झोपले असते. नऊ वर्षं मी एकटी ते एक, एक, एक करत बसले. कधी कधी मला वाटायचं, खरंच दोन वाजली असतील का? हे मी कोणालाही सांगितलेलं नाही, डॉक्टरांना पण नाही. माझ्या स्वतःच्या कानावरचा विश्वास उडवलास तू माझा. त्याची भरपाई कुठल्या विम्यात बसत नाही.

मी तुला माफ केलेलं नाही. गैरसमज नको. बसून कोणाकोणाला सांगितलंस म्हणून पुण्य लागत नाही. ज्याचं त्याला द्यावं लागतं.

भिंगरीची सही केली आहे, तिच्याजवळच दिली. ती तिच्या पायांसाठी केली, तुझ्यासाठी नाही. त्या नियमाबद्दल मात्र काही बोलता येत नाही मला. चांगला आहे. आपल्या वेळी हवा होता. बॅग रिकामी परत आणली, तर डॉक्टर म्हणाले, "ओझं कमी दिसतंय." त्यांना वाटतं ते फार विनोदी आहेत.

आता ऐक, आणि या वेळी मला कार्ड पाठवू नकोस. कार्ड आलं तर न वाचता परत करीन.

संघ चौदा ऑक्टोबरला निघतोय. त्याआधीच्या रविवारी तुला सुट्टी असते, आईकडून कळलंय. आई त्या दिवशी इथे असेल. माझं घर तू बघितलेलं नाहीस. दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताचं दार. लाकडी आहे. बेल आहे, पण तिला हात लावायचा नाही. आईला दार उघडायला मी सांगणार नाही आणि तिने उघडलं तर तिलाही बाहेर काढीन. दारावर टकटक कर. मी आतच असेन, ऐकेन. बहुतेक उत्तर देईन. लगेच देईन असं नाही, कामं असतात मला. पण नियम तुझाच आहे. उत्तर येईपर्यंत जागची हलू नकोस.

— शेपूट